विंडोजवर बाहेरची थीम: आधी बिल्ड नंबर, मग बाकी सगळं

एखाद्या डेस्कटॉपचा देखणा स्क्रीनशॉट दिसतो, त्याची थीम डाऊनलोड होते, फाइलवर डबल क्लिक केलं जातं आणि समोर भलतंच काही उगवतं: करड्या चौकोनी खिडक्या, जुनाट बटणं, जणू मशीन वीस-पंचवीस वर्षं मागे गेलंय. थीम बिघडलेली नसते. विंडोजने ती नाकारलेली असते.

विंडोज एक्सपी २००१ साली आलं, तेव्हापासून खिडक्यांच्या कडा, बटणं, स्क्रोलबार आणि मेनू यांचं रूप एका फाइलीत ठेवलेलं असतं. तिचं एक्स्टेन्शन एमएसस्टाइल्स. ही फाइल उघडण्यापूर्वी विंडोज तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही आहे का ते पाहतं. एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टनेच काढलेल्या रॉयाल आणि झ्यून या थीम काही खटपट न करता चालायच्या, कारण त्यांच्यावर ती सही होती. इतर कोणी कितीही सुबक काम केलं तरी ते दाराबाहेरच राहायचं. आजच्या विंडोज १० आणि ११ मध्येही नियम तोच आहे. ‘थीम एनेबल करणं’ म्हणजे ही सहीची तपासणी बाजूला सारणं, एवढंच. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकला तर संध्याकाळ जाते.

आधी विचारा: याची गरज आहे का?

वॉलपेपर, ॲक्सेंट रंग, आवाज आणि माऊसचा कर्सर यांसाठी सहीची भानगड नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळणाऱ्या थीममध्ये एवढंच असतं आणि त्या थेट लागतात. कर्सरचे सेट तर माऊस प्रॉपर्टीजमधल्या पॉइंटर्स टॅबमधून पाच मिनिटांत बदलता येतात. ज्यांना डेस्कटॉप ‘जरा वेगळा’ दिसायला हवा त्यांचं इथेच भागतं, आणि त्यांनी इथेच थांबावं.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. एमएसस्टाइल्स बदलली म्हणजे सगळं बदललं असं होत नाही. विंडोज ११ चा टास्कबार, स्टार्ट मेनू आणि सेटिंग्जची खिडकी हे वेगळ्या पद्धतीने रंगवले जातात. त्यांना ही फाइल शिवत नाही. क्रोम, ऑफिस यांसारखे प्रोग्राम आपापलं रूप स्वतः काढतात. थीमचा परिणाम दिसतो तो टायटल बारवर, जुन्या धाटणीच्या डायलॉग बॉक्सवर, प्रॉपर्टीजच्या खिडक्यांवर, कंट्रोल पॅनेलवर, स्क्रोलबारवर आणि फाइल एक्सप्लोररच्या काही भागावर. विंडोज १० मध्ये हा परिणाम बराच ठळक असतो, ११ मध्ये पुष्कळ कमी. स्क्रीनशॉटमधला टास्कबारही बदललेला असेल, तर त्या माणसाने थीमशिवाय आणखी एखादं साधन वापरलंय असं समजा. ११ वर त्यासाठी विंडहॉक किंवा स्टार्टऑलबॅक वापरतात. तो वेगळा विषय.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर हे करूच नका. एस मोडमधल्या विंडोजवर बाहेरचे प्रोग्राम चालतच नाहीत, तिथे प्रश्नच मिटला.

कुलूप उघडायच्या दोन पद्धती

पहिली पद्धत जुनी: सिस्टिम फाइलमध्येच बदल करायचा. अल्ट्रायूएक्सथीमपॅचर हे त्यातलं प्रसिद्ध साधन. ते सिस्टिम ३२ फोल्डरमधल्या थीमशी संबंधित डीएलएल, म्हणजे प्रोग्रामना लागणाऱ्या कोडच्या, फाइली सुधारून ठेवतं आणि मूळ फाइलींची प्रत राखतं. अडचण अशी की विंडोजचं मोठं अपडेट आलं किंवा सिस्टिम फाइल चेकर (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवला, की विंडोज या फाइली आपल्या मूळ रूपात परत बसवतं. मग पुढच्या लॉगिनला तुमची थीम पुन्हा दाराबाहेर.

दुसरी पद्धत सिक्युअरयूएक्सथीम या ओपन सोर्स साधनाची. डिस्कवरच्या विंडोजच्या फाइलींना ते हात लावत नाही. सहीची तपासणी मेमरीत चालू असतानाच तिचा निकाल बदलतं. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) बंद करावं लागत नाही, आणि काढून टाकलं की मागे फारसं काही उरत नाही. नवख्यांनी हीच पद्धत धरावी, आणि पुढचं सगळं तिला धरूनच लिहिलं आहे. दोन्ही साधनं एकाच मशीनवर कधीही ठेवू नका. पूर्वी अल्ट्रायूएक्सथीमपॅचर टाकलेलं असेल तर आधी डिफॉल्ट थीमवर या, ते अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, मगच पुढे जा.

तयारी: इथे घाई नको

बिल्ड नंबर, म्हणजे तुमच्या विंडोजच्या नेमक्या आवृत्तीचा आकडा, लिहून घ्या. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं टाइप करून एंटर दाबा. आलेल्या खिडकीत आवृत्ती आणि ओएस बिल्ड दिसेल. दशांश बिंदूच्या आधीचा आकडा महत्त्वाचा:

विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती – १९०४५
विंडोज ११ ची २१एच२ – २२०००
२२एच२ – २२६२१
२३एच२ – २२६३१
२४एच२ – २६१००
२५एच२ – २६२००

थीम बनवणारा एका ठरावीक बिल्डमधली मूळ एमएसस्टाइल्स फाइल घेऊन तिच्यावर काम करतो. पुढच्या बिल्डमध्ये मायक्रोसॉफ्टने त्या फाइलीत नवे भाग घातले असतील, तर जुन्या थीममध्ये ते सापडत नाहीत आणि मग एक्सप्लोरर कोसळतो किंवा लॉगिननंतर काळी स्क्रीन येते. नवख्यांचे सगळ्यात वाईट अपघात इथलेच असतात. मात्र काही बिल्ड एकाच पायावर उभे आहेत: विंडोज १० मधले १९०४१ ते १९०४५ एका घरातले, २२६२१ आणि २२६३१ एका घरातले, तसेच २६१०० आणि २६२००. त्यामुळे विंडोज ११ च्या २२एच२ साठीची थीम २३एच२ वर सहसा निभावते. २२एच२ ची थीम २४एच२ वर चालेल या भरवशावर मात्र राहू नका. थीमच्या माहितीत बिल्डचा उल्लेखच नसेल तर ती सोडून द्या, कितीही छान दिसत असली तरी.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. थीमवाल्यांच्या दृष्टीने गंमत अशी की त्या विंडोजचा पाया आता हलणार नाही, म्हणून १९०४५ वर नीट बसलेली थीम टिकते. सुरक्षेच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नव्हे.

रिस्टोर पॉइंट, म्हणजे गरज पडल्यास परत जाता येईल अशी मशीनची जपून ठेवलेली स्थिती, बनवा. स्टार्टमध्ये ‘रिस्टोर पॉइंट’ इंग्रजीत शोधा. सिस्टिम प्रॉपर्टीजची खिडकी येईल. सी ड्राइव्हपुढे प्रोटेक्शन ‘ऑफ’ दिसलं तर कॉन्फिगर दाबून ते सुरू करा आणि जागेची पट्टी पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा. मग क्रिएट दाबा आणि ओळखू येईल असं नाव द्या. पुष्कळ मशीनवर हे प्रोटेक्शन बंदच असतं, आणि ते अडचण आल्यावर कळतं.

बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की काढून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन न विचारता सुरू झालेलं असतं. दुरुस्तीच्या स्क्रीनवर जाण्याची वेळ आली तर मशीन ४८ अंकी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर ती त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवरून उघडून कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून उपयोग काय, हे सांगायला नको.

बसवणं

१. सिक्युअरयूएक्सथीम त्याच्या गिटहबवरच्या मूळ पानावरून, रिलीजेस विभागातूनच घ्या. इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या ६४ बिट मशीनला एक्स६४ आवृत्ती लागते, स्नॅपड्रॅगनवाल्या लॅपटॉपला एआरएम६४. ‘फ्री डाऊनलोड’ची मोठी हिरवी बटणं मिरवणाऱ्या साइटवरून आणलेली प्रत घेऊ नका. सिस्टिमच्या इतक्या आत शिरणारं साधन कोणाच्या हातून आलंय याला महत्त्व आहे.

२. चालवताना विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या सुरक्षा तपासणीची निळी खिडकी आडवी येऊ शकते. फाइल मूळ ठिकाणाहून आणली असेल तर ‘मोअर इन्फो’ दाबून ‘रन एनीवे’ निवडा. अँटिव्हायरस कायमचा बंद करा असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

३. बसवताना काही पर्याय दिसतात. एक्सप्लोरर आणि सिस्टिम सेटिंग्ज यांचे हुक (त्या प्रोग्राममध्ये हे साधन अडकवतं ते दुवे) घेतले तर थीम विंडोजच्या नेहमीच्या पर्सनलायझेशनमधूनही लावता येतात. न घेतल्यास त्याच साधनाबरोबर येणाऱ्या थीमटूलमधून लावायच्या. नवख्याने हे हुक टाळावेत. आत जेवढं कमी अडकवलेलं, तेवढं निस्तरणं सोपं. ‘रिनेम डिफॉल्टकलर्स’ हा पर्याय मात्र घ्या. स्क्रीन लॉक करून उघडली की थीमचे रंग मूळ पदावर जातात, ही तक्रार त्याने मिटते.

४. रीस्टार्ट करा. शट डाऊन करून पुन्हा सुरू करणं म्हणजे तेच नव्हे: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज शट डाऊनमध्ये पूर्ण बंद होत नाही. रीस्टार्टच निवडा.

थीम योग्य जागी ठेवणं

थीम बहुतेक वेळा झिप, सेव्हन-झिप किंवा आरएआर स्वरूपात मिळते. ती डाऊनलोड्समध्येच उघडा आणि आत काय आहे ते नीट बघा. हवं ते एवढंच: थीम एक्स्टेन्शनची एक किंवा अधिक फाइल, आणि तिच्याबरोबरचा एक फोल्डर. त्या फोल्डरात एमएसस्टाइल्स फाइल, शेल नावाचा उपफोल्डर आणि बहुधा इंग्रजी भाषेचा ईएन-यूएस नावाचा उपफोल्डर. शेलच्या आत शेलस्टाइल नावाची डीएलएल असणं नेहमीचं आहे, तिला घाबरू नका. पण ‘थीम लावण्यासाठी हे चालवा’ असं म्हणणारी ईएक्सई फाइल असेल तर संशय घ्या. थीमला इन्स्टॉलर लागत नाही.

आता थीम फाइल आणि तो फोल्डर दोन्ही उचलून सी ड्राइव्ह, विंडोज, रिसोर्सेस, थीम्स या ठिकाणी ठेवा. ॲडमिनची परवानगी मागेल, द्या. तिथे आधीपासून एरो नावाचा फोल्डर आणि एरो नावाची थीम फाइल दिसेल. ती विंडोजची स्वतःची, तिला हात लावायचा नाही. तुमच्या वस्तू तिच्या शेजारी, त्याच पातळीवर बसायला हव्यात.

नेहमीची चूक इथेच होते. झिप उघडताना विंडोज झिपच्याच नावाचा एक जादा फोल्डर बनवतं. तो सगळाच्या सगळा थीम्समध्ये टाकला तर थीम फाइल एक पायरी खोल जाते आणि यादीत दिसतच नाही. दुसरी चूक नाव बदलण्याची. थीम फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिच्या व्हिज्युअलस्टाइल्स विभागात ‘पाथ’ म्हणून एमएसस्टाइल्स फाइलचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तुम्ही फोल्डरचं नाव आवडीने बदललंत की तो पत्ता खोटा ठरतो.

आता थीमटूल उघडा, यादीतून नाव निवडा आणि अप्लाय दाबा. स्वतःचा वॉलपेपर आणि कर्सर तसेच ठेवायचे असतील तर त्यांच्या ‘इग्नोअर’च्या चौकटींवर टिक करा. काही सेकंद स्क्रीन लुकलुकेल. त्यानंतर साइन आउट करून परत या. उघड्या असलेल्या खिडक्या अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या दिसत असतील तर त्यानेच नीट होतात.

देवनागरीसाठी थांबून एक चाचणी

थीम बनवणारे तिची चाचणी इंग्रजी अक्षरांवर घेतात. आपला घोळ वेगळा असतो. विंडोजच्या खिडक्यांमधला सेगो यूआय हा फॉन्ट देवनागरी जाणत नाही; मराठी मजकूर आला की विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट आपोआप पुढे येतो. ओळीच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार: एवढा संसार मावायला उंची लागते. थीमने मेनूच्या ओळी किंवा टायटल बार बारीक केले असतील तर डोक्यावरच्या मात्रा छाटल्या जातात.

म्हणून डेस्कटॉपवर ‘कर्तृत्व मैत्री गट्टी ऱ्हस्व’ अशा नावाचा फोल्डर बनवा. तो उघडून टायटल बार पाहा, एफ२ दाबून नाव बदलण्याची चौकट पाहा, डिटेल्स व्ह्यूमधली ओळ पाहा. अक्षरं कापली जात असतील तर थीम तुमच्या कामाची नाही. जुने सल्ले मंगल फॉन्ट लावा म्हणतात. विंडोज १० पासून तो ऐच्छिक देवनागरी फॉन्टच्या गठ्ठ्यात गेला आहे आणि वेगळा उतरवावा लागतो. शिवाय त्याने ओळीची उंची वाढत नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच राहतं.

विंडोजची भाषाच मराठी ठेवली असेल आणि थीम लागूनही खिडक्यांतली अक्षरं बेढब दिसत असतील, तर थीमच्या फोल्डरातल्या ईएन-यूएस उपफोल्डरची प्रत काढून तिला एमआर-आयएन असं नाव, अर्थात इंग्रजी अक्षरांत, देऊन पाहा. त्या उपफोल्डरात भाषेनुसार लागणारी फॉन्टची माहिती असते.

स्केलिंगचंही, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती टक्के मोठं दाखवायचं त्याचंही, असंच. लॅपटॉपवर ते बहुधा १२५ किंवा १५० टक्के असतं. चांगल्या थीममध्ये १००, १२५, १५० आणि २०० टक्क्यांसाठी वेगवेगळी चित्रं असतात. आळशी थीममध्ये एकच असतं, मग खिडकी बंद करायचं बटण धूसर दिसतं. त्यावर तुमच्या बाजूने इलाज नाही.

बिघडलं तर

करडं, चौकोनी रूप आलं: सहीची तपासणी अजून चालू आहे. साधन बसलंय का ते पाहा, रीस्टार्ट झाला होता का आठवा. नाहीतर थीम फाइलमधला पत्ता चुकलेला आहे.

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं: विंडोजचा डार्क मोड आणि थीम यांचं जमत नाही. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, कलर्स इथे जाऊन ॲप्सचा मोड लाइट करून बघा. बऱ्याच गडद थीम लाइट मोड गृहीत धरून बनवलेल्या असतात. ऐकायला उलटं वाटतं, पण थीमबरोबरच्या रीडमी फाइलीत हेच लिहिलेलं असतं आणि ती कोणी वाचत नाही.

लॉगिननंतर काळी स्क्रीन: आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर ‘रन न्यू टास्क’मधून ब्राऊझ करत थीम्स फोल्डरात जा, तिथली विंडोजची एरो थीम फाइल निवडा आणि ओके दाबा. फाइल दिसत नसेल तर खालच्या यादीत ‘ऑल फाइल्स’ निवडा. मूळ रूप परत येतं. डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबून हाय कॉन्ट्रास्ट रूपात जाणं हाही मार्ग आहे; दिसायला भडक, पण त्यात तुमची थीम बाजूला पडते आणि सेटिंग्जपर्यंत पोचता येतं.

लॉगिनपर्यंतही पोचत नसेल तर सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टिम रिस्टोर. ४८ अंकी की आणि रिस्टोर पॉइंट या दोन्हींचं मोल तेव्हा कळतं.

अपडेटच्या आधी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा अपडेट सहसा थीमला धक्का लावत नाहीत. वर्षातून एकदा येणारं आवृत्तीबदलाचं अपडेट मात्र लावतं, आणि ते बिल्ड नंबर बदलतं. ते घेण्याआधी डिफॉल्ट थीमवर या. अपडेट झाल्यावर पुन्हा बिल्ड नंबर तपासा, सिक्युअरयूएक्सथीमची नवी आवृत्ती आली आहे का पाहा, आणि थीमची नव्या बिल्डसाठीची प्रत मिळाली तरच ती लावा. जुनीच ‘चालून जाईल’ म्हणून लावणाऱ्यांना वरचा काळ्या स्क्रीनचा परिच्छेद उपयोगी पडतो.

काढून टाकताना

क्रम उलटा ठेवायचा. आधी सेटिंग्जमधून विंडोजची स्वतःची थीम लावा. साइन आउट करून परत या. मग थीम्स फोल्डरातून तुम्ही ठेवलेली फाइल आणि फोल्डर पुसा. ‘फाइल वापरात आहे’ असं म्हणून अडलं तर थीम अजून मेमरीत आहे. मशीन रीस्टार्ट करून परत प्रयत्न करा. शेवटी सिक्युअरयूएक्सथीम अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. आधी साधन काढलं आणि थीम तशीच राहिली, तर पुढच्या लॉगिनला सहीची तपासणी पुन्हा जागी होते आणि त्याच करड्या चौकोनी खिडक्या समोर येतात.